फ्लश ड्रॉ (कलर व्हायला एकच पत्ता कमी) हातात असताना वाढवायचं की नुसतं कॉल करायचं?

पागोळी
गणपतीला गावी आले आहे (गुहागर तालुका). बाहेर धो धो पाऊस, वीज गेलेली, आरती आणि भजन आटोपलेलं, आणि जागरण आहे म्हटल्यावर पत्ते निघाले. आमच्याकडे पूर्वापार मेंढीकोट आणि तीन पत्ती. पण दोन वर्षांपासून मुंबईच्या आत्तेभावाने टेक्सास होल्डेमचं (पोकरचा प्रकार: हातात दोन पत्ते, मध्ये सगळ्यांचे मिळून पाच, त्यांतून सर्वांत चांगले पाच धरायचे) खूळ आणलंय. आज्जीचा नियम आहे की गणपती घरात असताना पैशाने खेळायचं नाही, त्यामुळे काजूच्या बिया. प्रत्येकी १००.

हात असा झाला. माझ्याकडे बदामची नव्वी-अठ्ठी. आत्तेभावाने ६ केले, मी कॉल (तेवढ्याच घातल्या), स्मॉल ब्लाइंडवर बसलेल्या थोरल्या काकांनीही कॉल. (स्मॉल आणि बिग ब्लाइंड म्हणजे पत्ते बघण्याआधीच बिया घालाव्या लागतात त्या दोन जागा.) बिग ब्लाइंडच्या २ धरून मध्ये २० बिया.

फ्लॉप (मधले पहिले तीन पत्ते): इस्पिक राजा, बदाम सत्ती, बदाम दुर्री. काकांनी चेक (काही न लावता चाल पुढे), भावाने १० लावले, मी कॉल, काका पॅक.
टर्न (चौथा पत्ता): चौकट तिर्री. भावाने ४० लावले. मी परत कॉल.
रिव्हर (पाचवा, शेवटचा): किलवर राणी. भावाने उरलेले ४४ सरकवले. मी पॅक. त्याने राजा-दश्शी दाखवली.

त्यानंतर तासभर वाद. काकांचं म्हणणं, "पोरी, फ्लॉपलाच वाढवायचं होतंस, तो पळाला असता." भावाचं म्हणणं, "ड्रॉवर कायम कॉलच करायचं. लागला तर घ्यायचं, नाही तर सोडायचं." दोघंही इतक्या ठामपणे बोलत होते की मला दोघांचंही पटलं. कोण बरोबर?

रापणकर
बिया कच्च्या की भाजलेल्या, ते आधी सांगा. भाजलेल्या असतील तर सगळा हिशोब बदलतो.

लालडबा
काका बरोबर. ड्रॉ आला की रेज. कॉल करून बसून राहायला आपण काय स्टँडवर एसटीची वाट बघतोय?

किलवरची_तिर्री
सोपं आहे. फ्लश ड्रॉला ९ पत्ते कामाचे (१३ बदामांतले ४ दिसले). दोन पत्ते यायचे असतील तर चारने गुणा, एकच यायचा असेल तर दोनने. फ्लॉपला ३६ टक्के. १० टाकून ४० चा पॉट होतोय, म्हणजे २५ टक्के हवेत. कॉल बरोबर. टर्नला १८ टक्के, हवे होते ३३ (४० टाकून १२० चा पॉट). कॉल चूक. विषय संपला.

गणिताची_बाई
विषय संपला म्हणता, पण चारचा गुणाकार चुकीच्या जागी वापरलात. शाळेत असतात तर उत्तर बरोबर, रीत चूक म्हणून निम्मे गुण दिले असते.

चारने गुणून येणारा आकडा (नेमका ३५ टक्के) तेव्हाच खरा, जेव्हा पुढचे दोन्ही पत्ते फुकट बघायला मिळणार असतात, म्हणजे फ्लॉपलाच सगळ्या बिया आत गेल्या असतील तर. पागोळीला १० बियांत एकच पत्ता मिळत होता. दुसऱ्यासाठी भावाने ४० मागितलेच ना? त्यामुळे फ्लॉपलासुद्धा तिची शक्यता ४७ पैकी ९, म्हणजे १९ टक्के. हवे होते २५. निव्वळ पॉट बघितला तर कॉल तोट्याचा.

तरी मी तिला फ्लॉपचा कॉल माफ करते. ३८ वाईट पत्ते, ९ चांगले. १० बिया घालून वसूल व्हायला लागला त्या वेळी सरासरी ४२ मिळायला हव्यात. समोर ३० आहेत. उरलेल्या १२-१३ पुढे निघतील का? भावाकडे अजून ८४ आहेत, हातात राजाची जोडी आहे आणि तिची चाल त्याच्यानंतर येते. निघतील. यालाच इम्प्लाइड ऑड्स म्हणतात.

टर्नचं मात्र काही केल्या जमत नाही. ४० घालायचे, ४६ पैकी ९ पत्ते चांगले. वसूल व्हायला १६४ हव्यात. पॉटमध्ये ८० आणि भावाकडे उरलेल्या सगळ्या ४४ जरी मिळाल्या तरी १२४. शेवटची बी काढून घेतली असती तरी ४० बिया कमीच. तिथे पॅक करायचं होतं.

पागोळी
बाई, इतकं स्वच्छ कोणी सांगितलं नव्हतं. म्हणजे भाऊ फ्लॉपला बरोबर आणि टर्नला चूक. पण काकांच्या 'वाढवायचं' चं काय?

लालडबा
तेच म्हणतोय मी. बाईंनी सगळं गणित कॉलचं केलं. रेजचं कोण करणार?

दर्यावर्दी
मी करतो. बोटीवर सेकंड इंजिनियर आहे, सध्या रत्नागिरीत सुट्टीवर. आम्ही मेसमध्ये वॉशर लावून खेळतो, इंजिन रूममध्ये त्यांना तोटा नाही.

ड्रॉवर वाढवण्यात दोन वाटा असतात. एक, समोरचा आत्ताच पॅक करतो आणि आहे तेवढा पॉट मिळतो. दोन, तो कॉल करतो आणि तरीही आपला पत्ता लागू शकतो. दोन्ही मिळून फायदा व्हायला हवा. नुसत्या ब्लफला दुसरी वाट नसते, नुसत्या कॉलला पहिली. म्हणून याला सेमी-ब्लफ म्हणतात.

पागोळीचा हात घेऊ. समजा तिने फ्लॉपला सगळ्या ९४ बिया लोटल्या (काका पॅक झाले असं धरू). मध्ये २० अधिक भावाच्या १०, अशा ३० आहेत. तो पळाला तर ३० मिळाल्या. त्याने कॉल केलं तर पॉट २०८ चा, त्यातला तिचा वाटा ३५ टक्के, म्हणजे ७३ च्या आसपास. घातल्या ९४. म्हणजे कॉल झाला की दर वेळी सरासरी २१ बियांचा तोटा. पळण्याचे ३० आणि कॉलचा तोटा २१ यांचा मेळ घातला की येतं ४१ टक्के. तो शंभरातून एकेचाळीस वेळा पळणार असेल तर बरोबरी. त्याहून जास्त पळत असेल तर काका बरोबर, कमी पळत असेल तर भाऊ बरोबर.

तेव्हा प्रश्न पत्त्यांचा नाहीच. पागोळीच्या आत्तेभावाला राजाची जोडी टाकता येते का, एवढाच आहे.

माझा अनुभव सांगतो. आमच्या एका ट्रिपला एक ऑइलर होता, त्याने सहा महिन्यांत एकदाही जोडी टाकली नाही. दुर्रीची जोडी असली तरी शेवटपर्यंत. मी नवा नवा सेमी-ब्लफ शिकलेलो. प्रत्येक ड्रॉवर त्याच्यावर रेज मारायचो. दोनशे वॉशर गेले. चीफ ऑफिसर मात्र उलटा, त्याच्यासमोर जरा ढीग सरकवला की दोन मिनिटं विचार करून पत्ते ठेवून द्यायचा. मला अक्कल यायला अख्खं कॉन्ट्रॅक्ट गेलं: ऑइलरसमोर स्वस्तात कॉल, आणि लागला की मोठं लावायचं, कारण तो देणारच. चीफसमोर रेज, कारण तो पळणारच. मी सगळं उलटं करत होतो.

बाबल्या_वेंगुर्ला
काजूच्या बियांवर कोण पॅक करता रे मेल्या? आमच्या घरात आजपर्यंत एकान पण पॅक केल्यान नाय. शेवटी सगळे जण पत्ते दाखवतत आणि भांडतत.

दर्यावर्दी
@बाबल्या, मग तुमच्या घरात सेमी-ब्लफ ही संकल्पनाच लागू नाही. ड्रॉ आला की स्वस्तात बघायचं, लागला की उखळ पांढरं.

रापणकर
वेंगुर्ल्याचे आलात ते बरं झालं. वेंगुर्ला-७ या काजूच्या जातीची बी चांगली मोठी असते. आमच्याकडे एकाने मागल्या वर्षी ती आणली आणि म्हणाला माझी एक बी तुमच्या दोनच्या बरोबर. त्यावर रात्रभर गजाली, खेळ राहिला बाजूलाच.

सोनचाफा
मला एक मूलभूत शंका आहे, हसू नका. तीन पत्तीत सिक्वेन्स कलरच्या वर असतो. इथे तुम्ही सगळे कलरसाठी जीव टाकताय. पोकरमध्ये उलटं का?

गणिताची_बाई
हसणार कशाला, हीच चूक करून माझ्या नवऱ्याने एकदा जिंकलेला हात टाकला होता.

जो हात दुर्मीळ तो वरचा, एवढाच नियम. तीन पत्त्यांचे एकूण २२,१०० हात होतात. त्यात साधे सिक्वेन्स ७२० आणि कलर १,०९६. सिक्वेन्स कमी, म्हणून वर. पाच पत्त्यांत एकूण २५,९८,९६० हात, त्यात सिक्वेन्स १०,२०० आणि कलर ५,१०८. इथे कलर कमी, म्हणून तो वर. दोन पत्ते वाढले की उतरंड फिरते.

सोनचाफा
अय्या! चाळीस वर्षं तीन पत्ती खेळतेय, हे कधी डोक्यातच आलं नाही. आज रात्री जावेला सांगते.

नीतिमान
सगळं ठीक, पण सार्वजनिक ठिकाणी जुगाराचे धडे चालले आहेत हे कोणाच्या लक्षात येतंय का? घरोघरी मोबाइलवर पोरं बुडाली आहेत.

धक्क्यावरचा
@नीतिमान, मोबाइलवरचं पैशाचं पोकर तर गेलंच. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने कायदा केला, पैसे लावायचे ऑनलाइन खेळ सरसकट बंद. कौशल्याचा खेळ की नशिबाचा, हा फरकच त्यात ठेवलेला नाही. प्रत्यक्ष टेबलाचं म्हणाल तर आपल्याकडे १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आहे. राज्याचा १९७६ चा कॅसिनो कायदा कागदावरच राहिला, २०२३ मध्ये तोही रद्द झाला. ज्यांना खाजच आहे ते बांद्यावरून पुढे गोव्यात जातात आणि मांडवीतल्या कॅसिनोच्या बोटींवर रिकामे होऊन येतात. माझ्या ओळखीतले एक जण परतताना पत्रादेवीच्या नाक्यावर चहाला पैसे मागत होते.
इथे आज्जी बसली आहे आणि काजूच्या बिया आहेत. जरा श्वास घ्या.

नीतिमान
बियांपासूनच सुरुवात होते.

रापणकर
झाडाची तर नक्कीच.

हापूस_करार
मला पोकर येत नाही, पण दर्यावर्दी आणि बाई जे सांगतायत ते आमच्या धंद्यात रोज चालतं. देवगड भागात कलमांच्या बागा मोहोरावर घ्यायचं काम करतो. मोहोर फुटला की बाग ठरवायची, थोडी रक्कम हातावर ठेवायची. फळ धरेल की नाही देव जाणे. थंडी पडली नाही, अवकाळी आला, तुडतुडा पडला की संपलं. तो तुमचा फ्लॉपचा कॉल, स्वस्तातला. मग पुढे प्रत्येक फवारणीला परत पैसे. तिथे माणसं फसतात. "आधी इतके घातले, आता सोडायचं कसं" म्हणून मोहोर गळालेल्या बागेत तिसरी-चौथी फवारणी मारतात. पागोळीताईंचा टर्नचा कॉल वाचून मला माझा एक हंगाम आठवला. साल सांगत नाही, बायको हे वाचते.

आणि रेज म्हणजे काय, तर बाकीचे व्यापारी यायच्या आत मोठा आकडा बोलून त्यांना वाटेला लावणं. पण समोरचा आपल्याहून धनवान असला तर तो आकडा वाढवत नेतो आणि आपणच अडकतो.

किलवरची_तिर्री
उदाहरण जमलंय. माझी चूक कबूल, चारने गुणताना थांबायला हवं होतं.
आता एक भर. काका मागे होते हे कोणी धरलंच नाही. पागोळीचे बदाम नव्वीपर्यंतचे. काकांकडे बदामचा एक्का आणि आणखी एक बदाम असता तर? बदाम आला असता आणि तिचं दिवाळं निघालं असतं. एक्क्याचा ड्रॉ असेल तर गर्दी चालते, जितके येतील तितके येऊ देत, म्हणून कॉल. नव्वीचा ड्रॉ असेल तर गर्दी नको. काकांना हाकलायला म्हणून तरी ३०-३५ पर्यंत वाढवायला हवं होतं, असं माझं मत.

दर्यावर्दी
अर्धं मान्य. काकांना हाकलणं चांगलंच. पण ३५ केल्यावर भाऊ कॉल करणार, पॉट होणार ९०, तिच्याकडे उरणार ५९. टर्नला बदाम आला नाही की काय करणार? परत लोटणार की माघार? हे आधी ठरवूनच ३५ म्हणायचं. बरेच जण फ्लॉपला वाघ आणि टर्नला मांजर होतात. त्यापेक्षा नुसता कॉल बरा.

एक फायदा मात्र आहे. तिची चाल नंतर आहे, तर फ्लॉपला वाढवलं की बऱ्याचदा समोरचा टर्नला घाबरून चेक करतो. मग आपणही चेक करून रिव्हरचा पत्ता फुकट बघायचा. कधी कधी २५ जादा घालून ४० वाचतात.

गणिताची_बाई
आणि नुसता फ्लश ड्रॉ वेगळा, जोडीला दोन्ही टोकांचा सिक्वेन्स असेल तर वेगळा. नुसता सिक्वेन्स ड्रॉ ८ पत्त्यांचा, ३१ टक्के. मधली एकच फट असेल तर ४ पत्ते, जेमतेम साडेसोळा; त्यावर कॉल करणाऱ्यांनी लॉटरी काढावी. पण दोन्ही एकत्र आले की ९ आणि ८, दोन सामाईक वजा, १५ पत्ते. फ्लॉपला ५४ टक्के! समोर एक्क्याची जोडी असली तरी आपणच वरचढ. तिथे कॉल करणं म्हणजे कंजूषपणा. पण टर्न कोरडा गेला की तेच ५४ घसरून ३३ वर येतात, म्हणून लोटायचं ते फ्लॉपलाच.

लालडबा
बघा, शेवटी रेजच! 😄

बाबल्या_वेंगुर्ला
पंधरा पत्ते आसले तर. तुका पंधरा कधी गावले?

पागोळी
चार दिवसांनी परत येतेय. आमचा गणपती अनंत चतुर्दशीपर्यंत असतो, काल रात्री शेवटचा डाव झाला. अहवाल देते.

आधी भावाला सरळ विचारलं. "त्या दिवशी फ्लॉपला मी ९४ लोटल्या असत्या तर?" म्हणाला, "कॉलच केलं असतं. काजूसाठी राजा कोण टाकतो?" मग मी विचारलं, काकांनी लोटल्या असत्या तर? म्हणाला, "काकांनी? लगेच पॅक. काका कधी हात नसताना वाढवत नाहीत." म्हणजे तेच पत्ते, तोच राजा, पण काकांनी वाढवलं तर तो पळतो, मी वाढवलं तर पळत नाही. काका मला जो सल्ला देत होते तो त्यांच्यापुरता खरा होता!

म्हणून काल भावावर एकदाही ड्रॉ घेऊन वाढवलं नाही. १ वाजेपर्यंत नुसती बसून होते, दोनदा टर्नला पॅक केलं (बाई, दोन्ही वेळा मनात भागाकार केला). मग काकांसमोर हात आला. माझ्याकडे इस्पिक अठ्ठी-सत्ती. फ्लॉप इस्पिक छक्की, इस्पिक दुर्री, बदाम पंजी. पंधरा पत्ते! बाबल्या, गावले! पॉट १६ चा, काकांनी ८ लावले, मी ४० केले. काकांनी पान लावून होईपर्यंत विचार केला. मग म्हणाले, "रात्रभर गप्प बसलेली पोरगी उगाच नाही वाढवायची," आणि उघडून टाकली एक्क्याची जोडी. पॅक.

मला पुढचा पत्ता बघायचा होता, पण भावाने तोवर सगळं गोळा करून पिसायला घेतलं.

दर्यावर्दी
एक्क्याची जोडी टाकायला लावलीत! रात्रभर गप्प बसलात त्याचं भाडं वसूल झालं.

लालडबा
पण भाऊसुद्धा हे वाचत असेल तर? पुढच्या वर्षी तुमचं गप्प बसणं तो ओळखणार.

पागोळी
त्याला या धाग्याची लिंक पाठवलेली नाही. काकांना मराठी टाइप करता येत नाही, पण वाचता येतं, ती भीती आहे.

किलवरची_तिर्री
१६ च्या पॉटला ४० जरा जास्तच झाले. ८ वर २६-२८ पुरले असते, तेवढ्यातही पळाले असते.

गणिताची_बाई
एक्क्याची जोडी धरलेला माणूस २८ ला पळाला नसता असं मला वाटतं. पण तो मुद्दा वेगळा धागा मागतो.

रापणकर
सगळं झालं, पण माझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर अजून आलेलं नाही.

पागोळी
कच्च्या होत्या. आज सकाळी आज्जीने सगळ्या एकत्र करून भाजायला घेतल्या. माझ्या २१४ होत्या हे सांगून बघितलं, तर म्हणाली मग फोडायलाही तूच बस.